भिंतीवरचा तांबडा

कळंबच्या रस्त्याला मुंबईच्या एका साहेबांनी बंगला बांधला, आणि बांधून झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर दिवाणखान्याचा पांढराशुभ्र चुना खरवडून काढायला लावला. मग ठाकरवाडीतल्या बायका बोलावून त्याच भिंती शेणामातीनं लिंपून घेतल्या. शेणाला वास येतो म्हणून साहेबांच्या बाईंनी त्या काल्यात गुलाबपाणी ओतायला सांगितलं. ठाकरणी हसून हसून बेजार झाल्या. त्यातली एक मला म्हणाली, "अरं, यांच्या म्हशी काय गुलाब खात्यात?" मला हसता येईना. मी त्या घरचा नोकर होतो.

तेव्हा माझं वय बावीस-तेवीस. मराठी सातवी पास झालो होतो, त्यामुळे नांगर धरणं कमीपणाचं वाटायचं. खालापूरला कचेरीत जागा मिळेना. बंगल्यावर देखरेखीला माणूस हवा होता, लिहितावाचता आणि गावचा. मी दोन्ही होतो. बाबांना ते आवडलं नव्हतं, पण "तुजं तू बघ" एवढंच ते बोलले.

साहेब काही वर्षं अमेरिकेत राहून आले होते, तिकडच्या कुठल्याशा वाळवंटी मुलखात. तिथून त्यांनी चित्रांची मासिकं आणली होती. बाई ती मला उघडून दाखवायच्या. मातीची बुटकी घरं, भिंतीवर लाल-काळ्या नागमोडी पट्ट्यांची घोंगडी, कोपऱ्यात मडकी, आणि भिंतीतल्या शेकोटीच्या वर शिंगांसकट गुराची कवटी. तिकडचे बडे लोक म्हणे हौसेनं असेच राहतात. राहोत बापडे. पण ते खूळ इथं आमच्या कर्जत तालुक्यात आणून उतरवायचं काही कारण होतं का? आमच्याकडे सगळे तसेच राहत होते, आणि त्यात हौसेचा भाग नव्हता.

माझं खरं काम म्हणजे जुनं सामान गोळा करणं. नवं चालत नसे. मी दारोदार फिरून म्हणायचो, तुमची फुटकी कणगी द्या, नवी घ्या. लोकांना वाटे, सातवी शिकून याचं डोकं फिरलं. तरी द्यायचे. पण आमच्या लोकांची एक खोड होती. दुसऱ्याच्या घरी मोडकी वस्तू पाठवायची त्यांना लाज वाटे. शेजारच्या म्हातारीनं आपली भात साठवायची कणगी दिली ती बांबूच्या नव्या कांबट्या घालून, शेणानं लखलखीत सारवून, वर हळदीकुंकू लावून. बाई ती बघून रडायच्या बेताला आल्या. "अरे, हिची सगळी मजाच गेली!" सुतारानं जुना नांगर दिला तोही रंधा मारून, तेल पाजून. शेवटी मी लोकांना दटावू लागलो, "हात लावू नका, घाण आहे तशीच द्या." असलं बोलायची पाळी कुणावर येऊ नये.

मग ती कणगी हातातल्या काठ्या ठेवायच्या कामी लागली. सुपाला भोक पाडून त्यात दिवा बसवला. पावसात भाताची लावणी करताना बायका पाठीवर घेतात ती पानांची इरली ओळीनं भिंतीवर टांगली. पाहुणे विचारत, या काय ढाली? भिवपुरीच्या वीजघरातली वीज आमच्या डोक्यावरून तारांनी मुंबईला जात होती, आमच्या घरांत रॉकेलच्या मिणमिणत्या चिमण्या, आणि मुंबईच्या घरात ती वीज जाळणारे हे शहाणे इथं येऊन कंदिलाचं कौतुक करत. कंदिलाची काच रोज पुसायला लागते, हे त्यांना कुठलं माहीत असणार? पुसत मी होतो.

आता तांबड्याचं सांगतो. तो आमचा बैल. बाबांनी त्याला खोंड असताना आणला आणि चौदा वर्षं जुंपला. त्याचं डावं शिंग वाढता वाढता वळून डोळ्यावर यायला लागलं, तेव्हा बाबांनी स्वतःच्या हातानं त्याचं टोक करवतलं आणि महिनाभर त्यावर हळदतेल लावलं. तो म्हातारा होऊन मेला तेव्हा लोक म्हणाले, कातड्याला देऊन टाका. बाबांनी ऐकलं नाही. बांधाला लागून खड्डा खणला आणि माणसासारखा पुरला. गाव हसलं. हसू दे की! बाबा दोन दिवस जेवले नव्हते, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

बांधाच्या पलीकडची जमीन चुलत्याची. तीच पुढे साहेबांनी बंगल्यासाठी घेतली. कुंपणाची भिंत घालायची म्हणून बांधालगत चर खणला, तेव्हा गड्याच्या पहारीला कवटी लागली. मी तिथंच उभा होतो. माती झटकल्याबरोबर करवतलेलं शिंग दिसलं आणि मी तांबड्याला ओळखलं. तेवढ्यात बाई आल्या. मासिकातलं चित्र समोर आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला.

"अगं बाई! हे कशाचं रे?"

'आमचा बैल आहे' म्हणायला किती वेळ लागतो? पण सांगितलं असतं तर परत पुरावं लागलं असतं, बाईंचा हिरमोड झाला असता, आणि गेले सहा महिने त्यांना असलंच काही आणून द्यायला मी धडपडत होतो. मी म्हणालो, "गवा असेल. पूर्वी या रानात गवे होते."

कसले गवे आणि कसलं काय! पण बाई खूश. कवटी धुतली मी, शिंगांना तेल लावलं मी. दिवाणखान्यात शेकोटीच्या वर ती चढली. कर्जतच्या उकाड्यात शेकोटी, तेही एक डोंबलाचं खूळ. येणारा-जाणारा तो गवा बघून तोंडात बोट घाली, आणि साहेब जणू आपणच मारल्यासारखे मिशीवर हात फिरवत.

त्या दिवसापासून माझा एकच धंदा. बाबांना बंगल्यापासून लांब ठेवायचं. ते येतो म्हणाले की मी काहीतरी निमित्त सांगायचो. साहेबांना चालत नाही, कुत्रा सोडलेला असतो. बाबांना बंगल्याचं काडीचं आकर्षण नव्हतं म्हणून निभावलं. घरी जेवायला बसलो की समोर तेच बसलेले. मी भराभर जेवून उठायचो. स्वतःची इतकी शिसारी मला पुढे कधी आली नाही.

दिवाळीच्या पाडव्याला बंगल्यावर पाहुणे होते, त्यामुळे मला सुट्टी नव्हती. पाडव्याला आमच्याकडे गुरांना धुऊन, शिंगं गेरूनं रंगवून, ओवाळून आधी त्यांना घास देतात, मग माणसं जेवतात. मी गेलो नाही म्हणून आईनं नव्या भाताचे पोहे फडक्यात बांधले आणि बाबांना पाठवलं. मी आत सरबताचे पेले भरत होतो. बाहेर बघतो तर ओसरीवर बाबा. धुतलेलं धोतर, हाताला गेरू लागलेला.

मी धावलो. "बाबा, द्या इकडं. मी संध्याकाळी येतोच." ते निघालेही होते. पण बाईंनी बघितलं. "अय्या, तुझे वडील? बाहेर काय उभं करतोस त्यांना? या हो, आत या! आमचं घर बघा, तुम्हाला अगदी आपलं वाटेल."

बाबा चपला काढून आत आले. आधी इरली बघितली, मग कणगी. म्हातारीची कणगी त्यांनी ओळखली, गालात हसले. मला वाटलं, तेवढ्यावर परततील. मग त्यांनी वर बघितलं.

"हा गवा," बाई पाहुण्यांना आणि त्यांना एकदमच म्हणाल्या. "इथल्याच रानातला. तुमच्या मुलानंच ओळखला."

बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "तू वळखलास?"

मी मान खाली घातली.

"गवा म्हनून?"

बाबा भिंतीशी गेले. हात वर करून त्यांनी करवतलेल्या टोकावर अंगठा फिरवला, आपल्याच करवतीची खूण बघितली. मग तळहात कपाळाच्या हाडावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. तोंडातल्या तोंडात त्याला काहीतरी म्हणत होते. डोळे गळत होते, ते पुसायचंही भान नव्हतं. मला वाटलं, आता तरी बोलावं, सगळ्यांच्या देखत सांगावं की हा आमचा तांबडा आहे, उतरवा त्याला.

"नका हं हलू!" बाई मागून ओरडल्या. "कित्ती छान दिसतंय हे! अहो, कॅमेरा आणा ना!" साहेब कॅमेरा घेऊन आले. पाहुणे बाजूला सरले. उजेडासाठी कुणीतरी खिडकी पुरती उघडली. बाबांना त्यातलं काही कळलं नव्हतं, ते हात काढायला निघाले. बाई मला म्हणाल्या, "अरे सांग की त्यांना!"

आणि मी सांगितलं. "बाबा, जरा थांबा. हलू नका."

बाबा थांबले. मी सांगितलं म्हणून थांबले. काम झाल्यावर त्यांनी पोह्यांचं फडकं माझ्या हातात दिलं, चपला घातल्या आणि गेले. कवटी मागितली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. घरी आईला त्यांनी एवढंच सांगितलं की पोहे पोचले.

फोटो चांगला आला. बाईंनी मुंबईहून तो मोठा करून, काच बसवून आणला. शिंगांच्या खाली लावायचा ठरला, आणि खिळा मीच ठोकला.