टाळ्यांचा तास

कतारमध्ये, अल रय्यानमधल्या शाळेत मी ऑफिस सांभाळते. आमच्या संगीताच्या बाई केनियातल्या मोंबासाच्या. मुलांना गोल बसवून त्या ढोलावर थाप मारतात आणि म्हणतात, "यल्ला! चला!" टाळ्यांच्या खेळातूनच सांगतात, की आफ्रिकेतून माणसं पकडून गलबतांतून या किनाऱ्यावर आणली, त्यांना मोती काढायला समुद्रात उतरवलं, आणि हे ताल त्यांच्याबरोबर आले.

"परीक्षेत काय टाळ्या वाजवणार?" मी एकदा विचारलं.

"वाजवू देत की, मॅडम!"

त्यांची सात वर्षांची मुलगी तिकडे आजीजवळ असते. तिच्या व्हिसाचं बाईंनी विचारलं की व्हिसाच्या कचेरीतून दर महिन्याला एकच उत्तर, "इन्शाल्ला", देवाची मर्जी असेल तर.

परवा वर्गात डोकावले, तर गोलात दोन मुलांच्या मध्ये फोन उभा केलेला आणि त्यात ती मुलगी. वर्गात फोनला बंदी आहे. ती नोटीस मीच टाइप केली होती. नेटमुळे तिची टाळी दर वेळी उशिरा पोचत होती. मुलं हसायला लागली. बाईंनी लय कमी केली, मग आणखी कमी केली. शेवटी अख्खा वर्ग हात वर धरून त्या एका टाळीसाठी थांबू लागला.

मी दार ओढून घेतलं आणि टाळी ऐकू आल्यावरच तिथून हलले.