सुगराबीनं वाढवलेला चुडा

तरुणपणी मी नाटकांत राण्या रंगवायचो. जानेफळच्या बांगडीवाल्या सुगराबीनं माझ्या या राठ हातांतसुद्धा बांगड्या भरल्या आहेत. "हात ढिला सोडा, राणीसाहेब!" म्हणायची. दुसऱ्याच्या हातात भरलेली बांगडी तिनं कधी फोडली नाही. ते अशुभ, असं तीही मानायची.

गेल्या वर्षी शेजारच्या जनकाबाईंच्या सुनेचं, काजलचं, डोहाळेजेवण होतं. नेहमीच्या मापाच्या हिरव्या बांगड्या जाईनात. सुगराबीनं साबण लावून कशाबशा चढवल्या. मग मनगटाच्या वर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरून येईना.

"डोकं दुखते काय, माय?"

"सकाळपासून. डोळ्यांपुढं चमकते बी."

जेवायला आलेल्या महामाया सिस्टरनं बीपीचं मशीन काढलं. काजलचा हात थरथरत होता. पडद्यावर 'एरर'. पुन्हा 'एरर'. पिशवीत काट्याचं जुनं यंत्र होतं, पण कानाला लावायची नळी उपकेंद्रात राहिलेली.

"नळी नसली तरी चालते," सिस्टर म्हणाली. "आधी डॉक्टर असंच मोजत. पट्टा फुगवायचा, हळूहळू हवा सोडायची, नाडी परत लागली की आकडा पाहायचा. पण दोन्ही मनगटं तं बांगड्यांनी आवळली! कोपरात नाडी सापडत नाही."

बांगड्या उतरेनात. जनकाबाई ताडकन उठल्या.

"भरल्या मांडवात हिरवा चुडा फोडता? पोटुशीचे हात सुजतेच!"

भर प्रयोगात संवाद विसरल्यावर विंगेत पाहावं, तसं मी सुगराबीकडं पाहिलं.

सुगराबीनं काजलचा हात मांडीवर घेतला, वर पदराची घडी ठेवली.

"जनका, पाप लागलं तं मले लागू दे. म्या भरल्या, म्याच वाढवतो."

कट्कन पहिली फुटली. मग सगळ्या.

सिस्टरनं नाडीवर बोटं ठेवली, पट्टा फुगवला. काटा खाली सरकू लागला.

"लागली... एकशे सत्तर! गाडी काढा!"

सगळ्यांत आधी ओरडल्या त्या जनकाबाईच, मुलावर. "कुलदीप, काय पाहून राह्यला बे? गाडी!"

मेहकरच्या दवाखान्यात काजलला ठेवून घेतलं. ती वाचली. मुलगी लहानखुरी झाली, पण रडली मात्र शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी.

बारशाला सुगराबी आली नाही; फोडलेला चुडा तिच्या मनाला लागला होता. मग जनकाबाईच सुनेला घेऊन तिच्या दुकानात गेल्या. मी मागोमाग.

"भर हिच्या हातात. तुह्याच हातानं."

सुगराबीनं बांगडी उचलली नाही. आधी काजलच्या मनगटावर अंगठा दाबला. खळगा पडला नाही.

तेव्हा कुठं तिनं लहान मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या.