रिकाम्या गाडीचा फोटो

पुण्याला मी आजवर लग्नांना गेले आहे, दवाखान्यात गेले आहे, एकदा नुसत्या साड्या घ्यायलाही गेले आहे. रिकाम्या बसचा फोटो काढायला मात्र पहिल्यांदाच निघाले होते. सोलापूरच्या स्थानकावर सोडायला आलेल्या नवऱ्याने विचारलं, की रिकाम्या बस आपल्याकडे कमी आहेत का. त्याला सगळं समजावून सांगेपर्यंत गाडी हलली.

तुम्हाला सांगते. आमचं सहा जणांचं छोटं कार्यालय शहरांच्या वाहतुकीचा अभ्यास करतं. वाहतूक शाश्वत आहे का, म्हणजे आजच्या माणसांना पोचवताना उद्याच्या माणसांची हवा ती खराब करत नाही ना, हे आम्ही गुण देऊन मोजतो. पुण्याच्या बसमार्गांचा तक्ता मी स्वतः केला होता. एका फेरीत जळालेलं इंधन भागिले फाडलेली तिकिटं, असा साधा हिशेब. दर माणशी धूर कमी असेल तर त्या मार्गाची ओळ हिरवी, जास्त असेल तर लाल. बारा मार्ग लालभडक निघाले होते आणि त्यांत सगळ्यात वाईट होती बिबवेवाडीच्या टेकडीकडच्या 'अप्पर' भागातून मंडईला जाणारी पहाटेची पहिली गाडी. माझ्या तक्त्याप्रमाणे या गाडीतल्या प्रत्येकाने स्वतःची मोटार काढली असती तरी कमी धूर झाला असता. गुरुवारी पुण्यात बससेवेच्या अधिकाऱ्यांबरोबर बैठक होती. अहवालाच्या पहिल्या पानावर या गाडीचा फोटो हवा, रिकामी बाकं स्पष्ट दिसली पाहिजेत, असं आमच्या साहेबांनी बजावलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी स्वारगेटला उतरले आणि रस्ता ओलांडायलाच पंधरा मिनिटं लागली. आपल्याकडे गाडीवाला निदान शिवी देण्यापुरता तरी थांबतो. इथे तोंडाला ओढण्या गुंडाळलेल्या मुली दुचाक्यांवरून नजरही न वळवता अंगावरून जात होत्या. शेवटी केळ्यांची हातगाडी ढकलणाऱ्या एका बाईंच्या आडोशाने मी पलीकडे पोचले. माझ्या तक्त्यात या चौकाला पादचारी सोयीचे बऱ्यापैकी गुण होते. ते कुणी आणि कुठे बसून दिले, हे मला चांगलंच माहीत होतं.

मुक्काम बिबवेवाडीत मावसबहिणीकडे, नंदाकडे होता. तिने गरम आमटी-भात आणि घरचं लिंबाचं लोणचं वाढलं. तिचे यजमान पक्के पुणेकर. कशासाठी आलात म्हणून त्यांनी विचारलं आणि मी मोठ्या उत्साहाने माझा लाल-हिरवा तक्ता उघडून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "अप्परची पहाटेची गाडी रिकामी? सोलापूरहून बघता आहात, म्हणून तशी दिसत असेल." मला राग आला. आकड्यांवर माझा विश्वास होता, आणि पुणेकरांच्या बोलण्यावर किती ठेवायचा हे लहानपणापासून माहीत होतं.

बुधवारी पहाटे साडेपाचला मी अप्परला पोचले. हवेत गारवा होता. घरं एकमेकांना खेटून चढावर गेलेली, दारादारांत पाण्याची पिंपं, कुठेतरी रेडिओवर भजन लागलेलं. थांब्यावर माणसांची ही गर्दी. मी चुकीच्या थांब्यावर आले असं वाटून पुढच्या बाईंना विचारलं, तर मंडईची पहिली गाडी इथूनच सुटते म्हणाल्या. मग वाटलं, आज काही विशेष असेल, एखादी जत्रा वगैरे. बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या की आज बुधवार आहे.

गाडी आली आणि क्षणात भरली. बसायला जागा सोडाच, फोन वर काढायला कोपर हलवता येईना. डबे, पिशव्या, गणवेशाच्या घड्या, ताज्या अंघोळीच्या साबणाचा वास. वाहक माणसांतून वाट काढत नुसती मान डोलवत पुढे येत होता. कुणी पास दाखवत होतं, कुणी पिशवीवर हात ठेवत होतं, आणि बहुतेकांकडे तर तो बघतही नव्हता. माझ्यापाशी आल्यावर मी मंडईचं तिकीट मागितलं. आसपासच्या चार-पाच जणांनी वळून पाहिलं.

"थांबा, मशीन कुठे ठेवलंय बघतो," वाहक म्हणाला. खांद्यावरच्या पिशवीतून यंत्र काढून त्याने तिकीट छापलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "बोहनी केलीत, ताई."

त्या फेरीतलं ते पहिलंच तिकीट होतं, त्यावर क्रमांक एक छापला होता. ते हातात धरून मी मूर्खासारखी उभी राहिले. या गाडीतली माणसं रोज जाणारी होती. रोज जाणारा माणूस महिन्याचा पास काढतो, आणि पासवाल्याचं तिकीट फाडत नाहीत. यंत्राच्या लेखी या गाडीत मी एकटी होते. जी गाडी माणसांना रोज लागते ती आमच्या तक्त्यात रिकामी, आणि जितकी जास्त लागते तितकी जास्त रिकामी. सहा महिने मी हे आकडे कुरवाळत बसले होते आणि हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

मघाच्या बाई शेजारीच उभ्या होत्या. नाव विमलताई. मूळच्या बार्शीकडच्या. मी सोलापूरची कळल्यावर त्यांचा चेहरा एकदम फुलला आणि त्यांनी मला दांडी धरायला जागा करून दिली. मंडईजवळच्या एका खासगी रुग्णालयात त्या मावशी (रुग्णांची उठबस, साफसफाई बघणारी बाई) आहेत. सातला पाळी लागते. तीनदा उशीर झाला की कंत्राटदार घरी बसवतो. या गाडीनंतरची गाडी सातला अप्परहून निघते, म्हणजे तिचा काही उपयोग नाही. मग त्यांनी बोटाने चालकामागच्या काचेवर चिकटवलेला कागद दाखवला आणि म्हणाल्या की सोमवारपासून ही गाडी बंद होणार आहे.

मी माना आणि पिशव्यांमधून तो कागद वाचला. 'प्रवाशांचा अल्प प्रतिसाद व पर्यावरणावरील अनावश्यक भार लक्षात घेता ही फेरी बंद करण्यात येत आहे.' 'पर्यावरणावरील अनावश्यक भार' हे शब्द माझे होते. महिन्यापूर्वी अधिकाऱ्यांना नुसत्या चर्चेसाठी म्हणून पाठवलेल्या मसुद्यातले, जसेच्या तसे. शब्दप्रयोग जमला म्हणून मी तेव्हा स्वतःवर खूशही झाले होते.

"अल्प प्रतिसाद म्हणजे कोण वो ताई?" विमलताईंनी विचारलं. "आमीच का?"

हे लिहायला मला लाज वाटते, पण मंडई आली आणि मी त्यांचा निरोप न घेता उतरून गेले.

मंडईचं छप्पर उजाडत्या आभाळाखाली काळं दिसत होतं. पालेभाज्यांच्या जुड्या सुटत होत्या, मेथीचा ओला वास येत होता. जमिनीखाली आता मेट्रोही आली आहे. तिचं चकचकीत प्रवेशद्वार बघून एरवी मी दोन परिच्छेद लिहिले असते. एका टपरीवर क्रीमरोल आणि चहा घेतला, चहा निवून गेला तरी तशीच उभी राहिले. साहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, एका फेरीवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?" खरं होतं. मीच शिकवलं होतं.

म्हणून गुरुवारी पहाटे मी पुन्हा अप्परला गेले. अहवालाची छापील प्रत बरोबर होती. गाडी सुटायच्या आधी दारातच उभं राहून मी मोठ्याने सांगितलं, की तो कागद ज्या अहवालामुळे लागला तो मी लिहिला आहे, त्यात चूक झाली आहे, आज अकराला बैठक आहे आणि मला सगळ्यांचे पासक्रमांक हवेत. मागून एका काकांनी मोठ्या नम्रपणे चौकशी केली, की मोजायला आपण याआधी कधी आला होतात. मी म्हटलं, काल. "म्हणजे बंद करायचं आधी ठरलं, आणि मोजणी काल. छान," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

विमलताई माझ्याकडे बघत होत्या. कालचं ते फुललेलं हसू चेहऱ्यावर नव्हतं.

"काल माज्या शेजारीच हुब्या व्हता तुमी," त्या म्हणाल्या. "तवाच का नाय सांगितलं?"

"लाज वाटली."

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पास काढला आणि माझ्यापुढे धरला. "लिव्हा."

मग एकेक पास पुढे येत गेला. वाहकाने आतला दिवा लावून ठेवला आणि गाडी मंडईला पोचेपर्यंत मी अहवालाच्या कोऱ्या पाठीवर क्रमांक लिहीत राहिले. तीन पानं भरली. उतरल्यावर विमलताई थांबल्या नाहीत. घड्याळ बघत त्या रुग्णालयाकडे चालू लागल्या, आणि ते साहजिक होतं.

बैठकीला दोन अधिकारी, आमचे साहेब आणि मी. मी ती तीन पानं टेबलावर उलटी ठेवली आणि माझी चूक सांगितली. मोठे अधिकारी वयस्कर होते, आवाज मऊ. त्यांनी पानं चाळली, कुठेतरी फोन लावला आणि पासधारकांची नीट मोजणी होईपर्यंत अप्परची फेरी चालू ठेवायला सांगितलं. मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "हाच हिशेब बाकीच्या अकरा मार्गांना लावलाय ना तुम्ही?"

मी हो म्हटलं.

"त्यातले चार आम्ही मागच्या आठवड्यातच बंद केले. एक विश्रांतवाडीचा होता. तिथे आता काय मोजणार तुम्ही?"

साहेब समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. अप्परला निदान गाडी होती आणि तिच्यात माणसं होती. त्या चार मार्गांवरची माणसं कुठे पांगली, कुणी उसनी दुचाकी घेतली, कुणाला कामावर उशीर झाला, कुणाला घरी बसवलं, हे कोणत्याही यंत्रात सापडणार नव्हतं. अधिकारी रागावले असते तर बरं झालं असतं.

दुपारच्या एसटीने परत निघाले. शेजारी इंदापूरचे एक आजोबा बसले होते, ऐंशीच्या पुढचे. त्यांना प्रवास फुकट होता, तरी वाहकाने यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट काढून त्यांच्या हातात दिलं. आजोबांनी ते घडी घालून खिशात ठेवलं. पैसे नाहीत, पण माणूस गाडीत आहे याची नोंद झाली. इतकं साधं होतं ते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी लॅपटॉप उघडला.

तक्त्यात ताजी माहिती आपोआप येऊन बसते, अशी सोय मीच करून ठेवली आहे. बारा लाल ओळींपैकी चार आता हिरव्यागार झाल्या होत्या. जळालेलं इंधन शून्य, धूर शून्य, शंभरपैकी शंभर गुण. साऱ्या पुण्यात माझ्या तक्त्याला त्यांच्याइतका शाश्वत मार्ग दुसरा सापडला नव्हता.

आजोबा वाकून बघत होते. शेताचा नकाशा आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुण्याच्या बसगाड्या आहेत.

"मग ह्या हिरव्या म्हंजी चांगल्या चालत्यात, व्हय?"

"त्या बंद झाल्या, आजोबा."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. इंदापूरला ते उतरले. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की रविवारी पुन्हा पुण्याला जाते आहे, सोमवारी पहाटे विश्रांतवाडीच्या थांब्यावर उभं राहायचं आहे. तिथे कोणती बस येते, त्याने विचारलं. कोणतीच नाही, मी म्हटलं.