मास्तरांनी सांगितलं म्हणून पेट्रोल

आमच्या मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. उरलेलं अर्धं गाव त्यांचा आवाज ऐकूनच सायकलवर समाधान मानून राहिलं. मास्तर म्हणजे माझे यजमान. त्यांच्या शिकाऊ गाडीत एकच नियम. "इथे डोकं एकाचंच चालेल, माझं. तुम्ही फक्त हातपाय चालवा." माणूस वाईट नाही हो. कुणी उन्हात ताटकळत उभं दिसलं तर दारापर्यंत सोडतील. फक्त दार येईपर्यंत क्लचवर व्याख्यान ऐकावं लागतं.

मला मात्र पंचवीस वर्षं शिकवलं नाही. "तुला कशाला? मी आहे ना!" पण यंदा लेकीला दिवस गेले. ती राहते तासाभराच्या अंतरावर, आणि हे दिवसभर शिकवणीवर. ऐन वेळी निरोप आला तर मी काय यांच्या सवडीची वाट बघत बसू? हट्टाला पेटले आणि यांच्याकडूनच शिकले. गाडी मला छान येते. मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

तरी लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास! पहिल्यांदा हे कुंपणापाशी उभे राहून इतके ओरडले की परीक्षक म्हणाले, "बाई, गाडी तुम्ही चालवताय की ते?" दुसऱ्या वेळी मी शपथ घालून त्यांचं तोंड बंद केलं, तर हातवारे सुरू. त्या हातांकडे बघता बघता मी खांब पाडला.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळी अकराला तिसरी परीक्षा होती. लेकीला तेव्हा नववा लागलेला, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. नेमकी शिकवणीची गाडी दुरुस्तीला गेली, म्हणून जावयांनी आपली आणून दिली. आमचे जावई भारी काळजीखोर. हवा, आरसे, सगळं समजावून म्हणाले, "आई, डिझेलची आहे. चुकून पेट्रोल पडलं तर चावीला हातसुद्धा लावायचा नाही. इंजिनाची वाट लागेल." मास्तर तेव्हा काच पुसत होते. जावयाचं ऐकतील तर ते मास्तर कसले!

वाटेत पंपावर थांबलो. मी गाडी बंद केली आणि पुन्हा एकदा आरसे लावायला लागले. शेजारून मास्तरांनी पंचवीस वर्षांच्या सवयीने हुकूम सोडला, "फुल! पेट्रोल!"

पंपवाली बाई त्यांचीच जुनी शिष्या. हळू चालवायची म्हणून मास्तरांनी तिचं नाव ठेवलेलं गोगलगाय. तिने टाकी भरली, झाकण लावलं, वळसा घालून माझ्या खिडकीशी आली आणि कानात म्हणाली, "काकू, झाकणाच्या आत डिझेल लिहिलंय."

"अगं बाई! मग पेट्रोल टाकलंस कशाला?"

"मास्तर म्हणाले ना!"

घ्या! एवढी घोड्याएवढी बाई, रोज शंभर गाड्यांत तेल भरणारी, आणि मास्तरांपुढे हिचं वाचता येणंच बंद.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक. पण मान्य करतील? "काही होत नाही. थोडं डिझेल आहेच आत. चालू कर, उशीर होतोय."

"नाही."

"मी सांगतोय, चालू कर!"

मी चावी काढली आणि पर्समध्ये टाकली. पंचवीस वर्षांत गाडीच्या बाबतीत त्यांना 'नाही' म्हटलं नव्हतं.

"उतरा," मी म्हटलं. "ढकला. बाजूला घ्यायची आहे."

उतरले बिचारे! मी गाडी न्यूट्रलला टाकली, खिडकीतून मान काढली आणि हौस भागवून घेतली. "मास्तर, नजर समोर! जोर सारखा लावा! डोकं नको, हातपाय चालवा!" गोगलगाय मागून ढकलत होती, पण हसून हसून तिचा काही उपयोग नव्हता.

अकराला वीस मिनिटं कमी होती. जावयाची गाडी सोडून जाता येईना, फोन करून बोलावलेल्या मेकॅनिकला यायला वेळ लागणार होता. मास्तरांना तिथेच थांबणं आलं. गोगलगायीने दुसऱ्या बाईला जागेवर उभं केलं आणि आपल्या छोट्या गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. "चला काकू, मी बसते शेजारी. मी काही बोलणार नाही."

खरंच ती काही बोलली नाही. परीक्षेला कुंपणापाशी कुणी नव्हतं. मी गाडी वळवली, मागे घेतली, चढावर थांबवली. परीक्षकांनी सही केली आणि विचारलं, "ते आले नाहीत वाटतं आज?"

परत आले तेव्हा मेकॅनिकने टाकी रिकामी करून डिझेल भरलं होतं. "चावी कुणी काढली? काकूंनी? वाचलं इंजिन." मास्तर एका डब्यावर बसून हे ऐकत होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पास."

त्यांनी मान हलवली. गाडी लेकीकडे पोचवायची होती. उठले आणि सवयीने पुढचं दार उघडायला गेले.

"मागे बसा," मी म्हटलं.

बसले. गाव मागे पडलं. मग मागून हळूच आवाज आला, "मी फार ओरडतो का गं?"

इतक्या वर्षांत गाडी चालवण्यातलं या माणसाने मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू?

"हो," मी म्हटलं. "फार."

ते हातांची घडी घालून मागे टेकले, आणि लेकीच्या दारापर्यंत मी गाडी चालवली.