दुसरा घाव

कोलशेतच्या मिठागरावर राबणारी आवडाबाई नवऱ्याचा मार मुकाट्याने खायची. राघोने काठी उचलली की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. रडणं नाही, विनवणी नाही. आपण म्हणजे मार खाणारी बाई, एवढंच तिला स्वतःविषयी ठाऊक होतं.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी धाकट्या दिराचं, काळुरामचं लग्न झालं आणि कलावती घरात आली. बोलकी, हसरी पोर. मिठाच्या पाट्या वाहताना तिची बडबड चालायची, आणि कुणाशी चार शब्द न बोलणारी आवडाबाई तिच्यासोबत खिदळू लागली.

एका दुपारी कालवण खारट झालं म्हणून काळुरामने कलावतीला झिंज्या धरून अंगणात ओढलं आणि पोटात लाथ घातली. आवडाबाई तेवढ्यात कामावरून परतत होती. हातात मीठ ओढायचं लाकडी फावडं होतं. ते तिने दिराच्या खांद्यावर असं हाणलं की हाड मोडल्याचा आवाज शेजारी ऐकू गेला.

संध्याकाळी राघोने भावाचा सूड घेतला. आवडाबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पाठीला हळद लावताना कलावती चिडून म्हणाली, "बाय, माज्यासाठी फावडं उचललंस, मंग तुज्यासाठी का नाय उचललंस?"

"माज्यासाठी हात उठत नाय गं. तू हायेस म्हनून मी कोनतरी हाय."

पुढे काळुराम डोंबिवलीला रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये लागला आणि बायकोला घेऊन गेला. आवडाबाईचं बोलणं पुन्हा आटलं. राघोला रान मोकळं मिळालं. एकदा त्याने तिचा उजवा हात कोपरातून मोडला. बाजाराला जाणाऱ्या कोळणीकडून ते कलावतीला कळलं, आणि ती नवऱ्याला न विचारता कोलशेतला येऊन थडकली.

राघो ओटीवर जेवत होता. कलावतीने त्याच्या ताटाला लाथ मारली. "माज्या बायचा हात मोडलास?"

राघोने तिला भिंतीशी रेटून गळा आवळला. तिचे डोळे पांढरे झाले. आतून आवडाबाई धावत आली ती डाव्या हातात वरवंटा घेऊनच. पहिला घाव राघोच्या जबड्यावर बसला. दात सांडले, पकड सुटली, कलावती खोकत खाली कोसळली.

आता थांबायला हरकत नव्हती. राघो हात जोडत मागे सरकत होता. आवडाबाईने त्याच्या त्या हातांकडे पाहिलं, काठी धरणाऱ्या, आणि पुन्हा वरवंटा उगारला. उजव्या हाताची बोटं चिरडली गेली.

गावकी बसली तेव्हा म्हाताऱ्या धाकूने विचारलं, "त्यानं कलावतीला सोडली हुती ना? मंग दुसऱ्यांदा का मारलंस?"

"पयला जावंसाठी," आवडाबाई म्हणाली. मग, स्वतःचाच आवाज ऐकत असल्यासारखी, "दुसरा माजा."

मंडळी तिला दंड न लावताच उठली. राघोला कुणी फारसं विचारलं नाही. त्यानंतर तो ओटीवरच पडून असायचा. ती त्याला वेळेवर जेवण वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. डोंबिवलीत काळुरामनेही बायकोवर हात उगारणं सोडलं. वहिनी केव्हाही येईल, ही धास्ती त्याला पुरी होती.

आवडाबाईचा हात वाकडाच जुळला. पाटी तिला डाव्या हाताने डोक्यावर चढवावी लागे. मिठागरावर नवी सून कामाला आली की ती स्वतःहून शेजारी जाऊन बसायची आणि तिचं नाव विचारायची.