ओल्या शिवणीची दांडी

माझ्या थोरल्या भावाचे डोळे लहानपणी देवीच्या साथीत गेले. शेतात त्याचा उपयोग नव्हता, पण गळा असा की गावातलं भजन त्याच्यावाचून सुरू होत नसे. चार माणसांत बसायला त्याला तेवढी एकच जागा होती. म्हणून त्याची जुनी तंबोरी फुटली तेव्हा मी म्हटलं, नवी मी करून देतो. मोठा आलो कारागीर.

भोपळा घरचाच होता. प्रश्न दांडीचा. खापर गावच्या बाजारात डोंगरातल्या एका म्हाताऱ्याकडं शिवणीचं सरळ, बिनगाठीचं लाकूड मिळालं. त्यानं मोडक्यातोडक्या अहिराणीत बजावलं की तोड यंदाचीच आहे, चुलीवरच्या माळ्यावर तीन पावसाळे धूर खाऊ दे. मी मान डोलावली आणि तीन महिन्यांतच रंधा मारला. श्रावणात सप्ताह होता ना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. भावानं विचारलं तर तोंड वर करून सांगितलं, तीन पावसाळे वाळलंय.

आषाढात हवा ओलावली. भाऊ नदीवर गेला की मी एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकायचो. बाक दिसायचा. दुसऱ्या दिवशी वाटायचं, वाढला. तारा सैल पडायच्या, भाऊ खुंट्या पिळायचा, मी दारातून ऐकत उभा. जेवण जाईना. बायको म्हणाली, सांगून टाका एकदा. कोणत्या तोंडानं सांगू? भर सप्ताहात स्वर उतरला तर लोक हसणार, आणि एकदा हसले की हा पुन्हा उंबरा ओलांडणार नाही.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी राहवलं नाही. त्याच्यापुढं बसलो आणि म्हटलं, "भाऊ, मी खोटं बोललो. दांडी ओली आहे."

त्यानं खुंटी सोडली नाही. "माले मालूम शे. पहिल्या दिनले हातमा लिधी, तवयच समजनं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू दिनरात खपी ऱ्हायंता. आंधयाकरता कोन इतलं करस?"

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी देवळात अभंगाच्या मध्येच तारा उतरल्या. भाऊ थांबला, शांतपणे खुंट्या पिळल्या आणि लोकांना म्हणाला, "आज मन्हा कानच बराबर नई शेतस."