मासळीच्या दिवशी वर्ग

माझी दहावी झाली ती एका मच्छीवालीमुळे, हे आधी सांगतो. तिचं नाव मला ठाऊक नाही.

आठवीत शाळा सोडून मी रत्नागिरीहून काशीमीऱ्याच्या गोदामात कामाला आलो. दूरशिक्षणामुळे नोकरी न सोडता शिकता आलं, हे खरं. पण गणित अडलं की विचारायचं कोणाला? दोनदा नापास झालो होतो. आता तिसऱ्यांदा नापास झालो तर नाद सोडायचा, असं ठरवलं होतं.

रविवारी भाईंदरला नवघरच्या एका शाळेत वर्ग असायचा. सर नुसत्या नंबरांनी हजेरी घ्यायचे, "पुढचा धडा घरी वाचा" म्हणायचे आणि निघायचे. आम्ही मोठी माणसं पहिलीच्या बाकांवर गुडघे दुमडून राग गिळत बसायचो.

एकदा आमच्यातली ती मच्छीवाली उठली. पदर खोचून दारातच उभी राहिली.

"सर, आयतवारी मासली सगल्यात जास्त खपते. तो धंदा टाकून मी येते. घरी कोणाला इचारू, पापलेटला?"

"ताई, याला दूरशिक्षण म्हणतात."

"असंल. पण तुमी तं हितंच हाय ना? याचं गणित अडलंय, कवाचं बघते, तोंड उघडत न्हाय." तिचं बोट माझ्याकडे होतं.

सरांनी चरफडत खडू उचलला. पुढे दर रविवारी त्यांना शिकवावंच लागलं.

मी पास झालो. तिचं येणं मात्र परीक्षेआधीच बंद झालं. रविवारचा धंदा बुडवणं घरी चालेना. रविवार सगळ्यांनाच मोकळा असतो असं धरून ज्यांनी वर्ग ठेवले, त्यांची चीड मला आजही येते.

ती भाईंदरच्या बाजारात कधीतरी सापडेलच. तेव्हा तिला सवड असेल त्या वारी, तिच्या पाटीशेजारी बसून मी तिला गणित शिकवीन.